मुकुल वायंगणकरांना जन्म कोणी दिला?

१

मुकुल वायंगणकर वारले तेव्हा त्यांना प्रत्यक्ष पाहिलेला एकही माणूस आमच्या घराण्यात नव्हता. संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं. पण संशय घ्यायला कोणी मोकळं नव्हतं, कारण आम्हा सगळ्यांना सुतक लागलं होतं.

गणपतीला चार दिवस उरले होते. मखराला दिव्यांच्या माळा लावायच्या म्हणून मी बोरिवलीहून चारकोपला जयवंतकाकांकडे गेलो. लिफ्टला साखळी. वॉचमन म्हणाला, सोमवारपासून बंद आहे, माणूस आज येतो उद्या येतो करतोय. पाच मजले चढून गेलो तेव्हा माझ्यात बोलायची ताकद नव्हती. दार मालनकाकूंनी उघडलं.

"चपला बाहेर काढ. मुकुल गेला."

"कुठे?"

काकूंनी छताकडे पाहिलं. वरती सहाव्या मजल्यावर शहा राहतात, म्हणून मला आधी कळलं नाही.

जयवंतकाका म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा लोक म्हणाले, आता हे काय करणार. काकांनी नऊ वर्षं वंशावळ केली. वायंगणकरांच्या अकरा पिढ्या गोळा करून एका वेबसाइटवर चढवल्या. मात्र वंशावळीला कुलूप होतं. काकांनी बोलावलेल्या चौघांनाच ती दिसायची: मालनकाकू, त्यांचा मुलगा सर्वेश, मुलुंडला राहणारे धाकटे भाऊ चंद्रप्रकाशकाका, आणि मी. मी त्यात का, तर काका पासवर्ड विसरतात.

या सगळ्या झाडात एकच भोक होतं. काकांच्या पणजोबांचे भाऊ रावजी. हे एका फणसावरून भावाशी भांडले आणि गाव सोडून मुंबईला निघून गेले, ते गेलेच. रावजींच्या चौकटीखाली काकांनी प्रश्नचिन्ह टाकलं होतं, आणि नऊ वर्षं ते प्रश्नचिन्ह काकांच्या डोळ्यांसमोरून हललं नव्हतं. म्हणून यंदा त्यांनी ठरवलं होतं की पहिली आरती झाली की सगळ्यांच्या देखत बटण दाबायचं आणि वंशावळ जगाला खुली करायची. रावजींचं कोणी कुठे असेल तर त्याला दिसेल.

यावर घरात महिनाभर भांडणं झाली. चंद्रप्रकाशकाका म्हणाले, गावची जमीन आहे, नातेवाईक उघडे केले की वाटेकरी उगवतात. सर्वेश म्हणाला, जन्मतारखा नेटवर टाकू नका. तो एका बँकेत फसवणुकीच्या तक्रारी घ्यायला बसतो, त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा धोकादायक वाटतात. काकू म्हणाल्या, खुली करा नाहीतर बंद करा, येणारा जेवून आलेला असू दे.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी, एका सकाळी, रावजींच्या प्रश्नचिन्हाच्या जागी माणूस उगवला. मुकुल वायंगणकर, रावजींचे खापरपणतू. राहणार माहुल. अविवाहित, आईवडील हयात नाहीत, भावंड नाही. फोटो समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा होता, त्यामुळे फक्त पाठ दिसत होती. काका म्हणाले, पाठ अगदी आपल्या घराण्यातली.

मुकुल सापडला, आता जगाला कशाला दाखवायचं, म्हणून काकांनी बटणाचा बेत रद्द केला. रोज संध्याकाळी त्याच्याशी मेसेजवर गप्पा सुरू झाल्या. गेल्या आठवड्यात त्याला गणपतीचं आमंत्रण गेलं. पहिली आरती मुकुल करणार असं ठरलं.

आणि त्या सकाळी मुकुलच्याच खात्यावरून हा मजकूर आला:

"मी मुकुलचा मित्र. मुकुल काल अचानक गेला. अंत्यविधी उरकले आहेत. कोणीही येण्याची तसदी घेऊ नये. हे खातं आता बंद होत आहे. जय हिंद."

काकांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी पिढ्या मोजल्या. सातांच्या आत. दहा दिवसांचं सुतक. गणपती आणता येणार नाही. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा.

हॉलमध्ये सर्वेश स्टुलावर उभा होता, तोंडात टाचण्या. महिनाभर तो रोज ऑफिसातून येऊन पुठ्ठ्याचं मखर करत होता. तेव्हाच त्याला कळलं की गणपती येणार नाही.

"का?" तो टाचण्यांमधून म्हणाला. "मुकुल गेला तर गणपती का नाही?"

"का म्हणजे? सुतक," काकू म्हणाल्या.

"पण तो माहुलला होता."

"सुतकाला काय लिफ्ट लागते? ते पोचतं."

सर्वेशच्या तोंडातल्या टाचण्या एकेक करून खाली पडल्या. तो स्टुलावरून उतरला आणि त्याच स्टुलावर बसला. इतका पडलेला चेहरा मी त्याच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

तेवढ्यात काका आतल्या खोलीतून आले. काका चिडले की मराठी बोलतात आणि दुःख झालं की मालवणी.

"मुकुलचा कोणतरी असतलाच," ते म्हणाले. "मी ठरवलंय. उद्या संध्याकाळी वंशावळ खुली करतलंय. मुकुलच्या फोटोसकट."

कोणी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला, "मामा, खांदा कोणी दिला?"

२

श्वेता माझी आतेबहीण. अंधेरीला एका विमा कंपनीत मेलेल्या माणसांची चौकशी करते. विमा उतरवून खोटं मरणाऱ्यांचं प्रमाण तिच्या मते खरं मरणाऱ्यांपेक्षा थोडंसंच कमी आहे. आतापर्यंत तिने बऱ्याच मेलेल्यांना जिवंत केलंय, आणि त्यातल्या एकानेही तिचे आभार मानलेले नाहीत.

"गो श्वेता, सुतकाच्या घरात कशी आलीस?" काका म्हणाले.

"मी परुळेकर, मामा. माझं कूळ वेगळं. मला तुमचं सुतक नाही."

म्हणजे त्या घरात डोकं चालवायला मोकळी अशी ती एकटीच होती. ती काकांच्या शेजारी चटईवर बसली.

"खांदा कोणी दिला, मामा? डॉक्टर कोण होता? चहा कोणी पाजला?"

"चहा?"

"मरणं माणसाला एकट्याला जमतं. पुढचं सगळं दुसऱ्यांना करावं लागतं. ज्याच्या मयताला कुणी चहासुद्धा पाजला नाही, तो माझ्या अनुभवात मेलेला नसतो."

काकांनी टॅब तिच्या हातात दिला. तीन आठवड्यांच्या गप्पा होत्या. श्वेता वरखाली सरकवत वाचत होती, मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो.

"काका, गुडघ्याला शेक देत जा. गोळीपेक्षा बरा."

"काका, आता मी सापडलो ना? मग वंशावळ जगाला दाखवायची काय गरज? घरातलं घरात राहू दे."

"काका, लिफ्ट सुरू होईपर्यंत भाजीला खाली उतरू नका. पाच मजले आहेत."

"काका, या रविवारी शिफ्ट आहे. भेट पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी परत शिफ्ट होती.

"बघ," काका म्हणाले. "माका घरात असा कोण विचारता?" आणि त्यांनी सर्वेशकडे पाहिलं. सर्वेश टाचण्या गोळा करत होता. या बापलेकांचं दिवसभराचं बोलणं म्हणजे 'जेवलास?' आणि 'हो'. सुट्टीच्या दिवशी 'हो'सुद्धा मानेनं.

श्वेताने टॅब खाली ठेवला. "मामा, वंशावळीला कुलूप होतं ना?"

"व्हय."

"मग मुकुलला ती दिसली कशी?"

"वेबसाइट शोधून देते. जाहिरातीत तसं आहे."

जिना उतरताना, तिसऱ्या मजल्यावर, श्वेता थांबली.

"ओजस, बाहेरच्या माणसाला ते झाड दिसतच नव्हतं. मग त्यात बाहेरचा माणूस घुसला कसा? मुकुलला कोणी मारलं हे नंतर बघू. आधी त्याला जन्म कोणी दिला ते शोधायला पाहिजे. झाडाची किल्ली चौघांकडे होती. त्या चौघांपैकी एकानं."

मी मान डोलावली. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की चौघांपैकी एक मी होतो.

३

चारकोपहून माहुलला जायचं म्हणजे मुंबई आडवी कापायची. लोकल बदला, रिक्षा बदला, शेवटी स्वभाव बदला. काकांच्या गुडघ्यांना हे जन्मात जमलं नसतं.

"पत्ता छान निवडलाय," श्वेता म्हणाली. "मुंबईतच आहे, आणि मामा तिथे कधीच जाणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी माहुल गावात आम्ही फुलवाल्याला विचारलं, दवाखान्यात विचारलं, देवळात विचारलं. मुकुल गेला त्या दिवशी गावात एकच मयत झाली होती, एका आजींची. जाळं विणत बसलेल्या एका कोळीण बाईंनी मनापासून आठवून पाहिलं.

"मुकुल नाय. मुकेश हाय. पन तो जिता हाय. चालंल का?"

आम्ही चालणार नाही म्हणालो. त्यांना वाईट वाटलं.

तिथून मुलुंड. चंद्रप्रकाशकाका बाराव्या मजल्यावर, एसी लावून सुतक पाळत होते. सुतकाच्या बाबतीत ते आमच्या घराण्यातले तज्ज्ञ. कुठल्या नात्याला किती दिवस, बातमी उशिरा कळली तर किती, मुलगी सासरी असेल तर किती, हे ते झोपेतही सांगतात. एकदा सांगितलंही होतं.

"मामा, तुम्हाला वंशावळ खुली व्हायला नको होती," श्वेता म्हणाली.

"नकोच होती. अजून नकोय. नेटवर टाकलेला नातेवाईक उद्या सातबारा घेऊन दारात उभा राहतो. त्याला पाणी द्यावं लागतं, मग जमीन."

"मग मुकुल तुम्हीच केला का?"

चंद्रप्रकाशकाकांनी चष्मा काढला. अपमान झाला की ते आधी चष्मा काढतात, नीट व्हावा म्हणून.

"श्वेता, मी माणूस केला असता तर आठव्या पिढीतला केला असता. तीन दिवसांत मोकळे. सातांच्या आतला अख्खा माणूस मी कशाला वाया घालवू? आणि तो बघ."

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर नव्या गाडीचा फोटो होता. चतुर्थीच्या मुहूर्तावर ती घरी येणार होती. आता ती शोरूममध्ये उभी होती आणि काल संध्याकाळी काका तिला बघून आले होते, बाहेरून, काचेतून, शिवायचं नाही म्हणून.

"ज्याने हे केलं त्याला सुतकातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "नाहीतर कळूनच केलंय. दोन्हीपैकी एक."

"यांनी आत्ता सगळं सांगितलं," लिफ्टमधून खाली आल्यावर श्वेता म्हणाली.

"काय सांगितलं?"

"आधी मामी."

४

मालनकाकूंकडे सबळ कारण होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गणपतीला चारकोपच्या घरी साठ माणसं जेवतात. मोदक काकू करतात. मदतीला येणाऱ्या बायका पारी फाटली की "वहिनी, हे तुम्हालाच जमतं" म्हणतात आणि सेल्फी काढायला जातात. भाद्रपदात काकू दुपारी आडव्या झालेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या.

आम्ही पोचलो तेव्हा काकू आडव्या होत्या. पंखा पाचवर.

"मामी, बरं वाटतंय?" श्वेताने विचारलं.

"झकास." काकू उठून बसल्या आणि मग आठवण झाल्यासारखं म्हणाल्या, "वाईट झालं बिचाऱ्याचं."

"तुम्ही नाही ना मारलात?"

"मी?" काकूंनी खरंच विचार केला. "मी मारला असता तर ह्याच वर्षी कशाला? दर वर्षी एक मारला असता. वायंगणकरांत काय माणसांची कमी आहे?"

हे पटण्यासारखं होतं.

"पण एक सांगते," काकूंनी आवाज खाली आणला. बाहेर हॉलमध्ये काका देवघरासमोर बसलेले दिसत होते. देवघराचं दार लावलेलं, समई कोरडी. "तीन आठवडे तो माणूस संध्याकाळ व्हायची वाट बघायचा. चहा झाला की टॅब घेऊन बसायचा. हसायचा गं एकटाच. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्याशी बोलताना कधी हसलेला मला आठवत नाही. मोदक काय, मी शंभर जास्त करीन. पण हा असा बसलेला बघवत नाही."

श्वेताने एकच प्रश्न विचारला. "मामी, लिफ्ट बंद आहे हे मामांनी मुकुलला सांगितलं होतं?"

"माका काय ठावक. त्यालाच विचार."

श्वेताने विचारलं. काका म्हणाले, छे, लिफ्टचं कोण परक्याला सांगतं, सोसायटीची अब्रू जाते.

श्वेता मला घेऊन बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "कळलं."

"कोण?"

"आधी तुझा जबाब. तुझी गणपतीच्या दिवसांत ट्रेकला जायची तिकिटं होती म्हणे."

मी माझा जबाब कांदिवली स्टेशनच्या वाटेवर दिला. तिकिटं होती, पण ती विसर्जनानंतरची. लिफ्ट बंद आहे हे मला पायथ्याशी आल्यावर कळलं. आणि मुकुलचे मेसेज मी लिहिले असते तर त्यात 'शेक' हा शब्द आला नसता. मला शेक म्हणजे दुधाचा माहीत आहे. श्वेता म्हणाली, जबाब मान्य.



"वाट लागलीय यार," ती म्हणाली. "नाही सांगितलं तर गणपती येत नाही, आणि मामा आज संध्याकाळी एका खोट्या माणसाला सगळ्या जगासमोर मांडतात. सांगितलं तर गणपती येतो, पण मुकुल जातो. मामांना नऊ वर्षांत सापडलेला एकुलता एक माणूस."

"तो तर गेलेलाच आहे."

"मेलेला माणूस सापडलेला असतो रे. नसलेला माणूस नसतो."

रिक्षावाल्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि मीटर तपासला.

५

संध्याकाळी सगळे जमले. चंद्रप्रकाशकाका मुलुंडहून आले होते आणि पाच जिन्यांनंतर भिंत धरून उभे होते. काका टॅब मांडीवर घेऊन बसले होते. स्क्रीनवर बटण होतं, बटणावर त्यांचा अंगठा तरंगत होता.

"मामा, पाच मिनिटं थांबा," श्वेता म्हणाली. "मुकुल मेलेला नाही."

काकांचं तोंड उजळलं. तो उजेड विझायच्या आत बोलून टाकावं म्हणून ती भराभर बोलली.

"तो नव्हताच. झाडाला कुलूप होतं, बाहेरच्याला ते दिसतच नव्हतं. चौघांपैकी एकाने त्याला आत बसवला. कशासाठी? मुकुल सापडला आणि तुमचा बटण दाबायचा बेत रद्द झाला. मुकुल स्वतः तेच सांगत होता, घरातलं घरात राहू दे. म्हणजे ज्याला वंशावळ खुली व्हायला नको होती त्याने त्याला जन्म दिला."

सगळ्यांनी चंद्रप्रकाशकाकांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला.

"थांबा. मग मारला का? आपण सगळे समजलो, सुतक लागावं म्हणून. म्हणून आपण गणपती कोणाला नको होता ते शोधत बसलो. पण मुकुल मेला कधी? तुम्ही त्याला पहिल्या आरतीला बोलावलंत त्यानंतर. आता नसलेला माणूस आरतीला कसा आणायचा? पाठ तरी कोणाची दाखवायची? म्हणून घाईघाईत मारला. सुतकाचा विचार करूनच मारला नाही. ज्याला सुतक कळतं तो मुकुलला दुबईला पाठवील, जिन्यावरून पाडील, मारणार नाही."

"आठवी पिढी," चंद्रप्रकाशकाका पुटपुटले.

"बरोबर. चंद्रप्रकाशमामांना सुतक पाठ आहे, मामींनाही कळतं. राहिले दोघे. आणि मुकुलला लिफ्ट बंद असल्याचं माहीत होतं, मामा. तुम्ही सांगितलं नव्हतंत. लिफ्ट सोमवारी बंद पडली. ते मुलुंडला कळणार नाही, बोरिवलीला कळणार नाही. ते या घरातच कळेल. घरात तुमच्याशिवाय दोघं. मामी, आणि…"

स्टुलावर बसलेल्या सर्वेशने हातातली दिव्यांची माळ खाली ठेवली.

"मुकुल गेला तर गणपती का नाही, असं या घरात एकाच माणसाने विचारलं," श्वेता हळू म्हणाली. "आम्हाला वाटलं, ज्याचं मखर फुकट गेलं त्याच्यावर कसला संशय घ्यायचा."



"बाबा, मी रोज आठ तास लोकांची रड ऐकतो," सर्वेश म्हणाला. "चोर फोन करतो, त्याला जन्मतारीख माहीत असते, आईचं माहेरचं नाव माहीत असतं. बँक तेच विचारते. तुमच्या झाडावर आईचं माहेरचं नाव ठळक अक्षरात आहे. मी सांगून थकलो. मला वाटलं, ते भोक बुजवलं की तुम्ही थांबाल."

"मग एक मेसेज पुरला असता," काका म्हणाले. मराठीत. "तीन आठवडे रोज कशाला बोलत बसलास?"

सर्वेशने माळ परत हातात घेतली. "तुम्ही विचारायचात ना. आज काय केलंस, जेवण कसं होतं, साहेब अजून त्रास देतो का. मग मी सांगायचो."

"साहेबाचं खरं होतं?"

"हो."

"आणि ते छातीत धडधडतं म्हणालास ते?"

"तेसुद्धा."

काकू उठून सर्वेशच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

काकांनी टॅबकडे पाहिलं. पाठमोऱ्या माणसाच्या फोटोवरून त्यांनी अंगठा फिरवला. "मुकुल बरा होता," ते म्हणाले.

"हो," सर्वेश म्हणाला.

चंद्रप्रकाशकाकांनी गुरुजींना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि प्रकरण शास्त्रीय भाषेत मांडलं. गुरुजींनी सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, जो जन्मलाच नाही त्याचं सुतक लागत नाही, गणपती आणा, आणि कृपा करून असले प्रश्न मला गणपतीच्या आठवड्यात विचारू नका. चंद्रप्रकाशकाकांनी तिथूनच शोरूमला फोन केला.

जयवंतकाका उठले. "आंघोळ करून येतो."

"सुतक नाही म्हणाले ना गुरुजी?" काकू म्हणाल्या.

"ते झालं शास्त्राचं."

बाथरूममधून दोन बादल्यांचा आवाज आला, सावकाश. काका ओल्या केसांनी बाहेर आले आणि सर्वेशच्या शेजारी स्टुलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर बसले.

"त्याला तू आणलास, तूच ने," ते म्हणाले.

सर्वेशने मुकुलची चौकट पुसली. वेबसाइटने विचारलं, तुमची खात्री आहे का. सर्वेशने वडिलांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. रावजींच्या खाली परत प्रश्नचिन्ह आलं.

"आता खुली करायची की नाही?" चंद्रप्रकाशकाकांनी विचारलं.

"करायची," काका म्हणाले. "रावजींचं कोणी असेल तर तेही आपल्याला असेच शोधत असतील. पण ह्याची धडधड वाढेल अशी नाही करायची. काय लपवता येतं, रे?"

सर्वेशने दाखवलं. जिवंत माणसांची नावं, तारखा, माहेर, सासर, सगळं झाकता येत होतं. मेलेलेच तेवढे उघडे राहणार. काकू म्हणाल्या, जन्मभर पदर सांभाळला, मेल्यावर सगळ्या जगाला वय कळणार. पण त्यांनी हरकत घेतली नाही. चंद्रप्रकाशकाका म्हणाले, जमीन? काका म्हणाले, जमीन अजून मेलेली नाही, तीसुद्धा झाक. मग बापलेकांनी मिळून बटण दाबलं, म्हणजे काकांनी दाबलं आणि सर्वेशने काकांचा अंगठा धरला होता, दोनदा दाबू नये म्हणून.

पहिल्या दिवशी कॅनडाहून एका बाईंनी विचारलं की तो फणस कापा होता की बरका. काका म्हणाले, जपून, ह्या जवळच्या असू शकतात. चौकशी चालू आहे.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी माळा लावायला परत गेलो. काका आतल्या खोलीत होते, सर्वेश बाहेर मखरापाशी, तोंडात टाचण्या. मधूनच त्याचा फोन वाजायचा. तो वाचायचा, काहीतरी टाइप करायचा, आणि आतल्या खोलीत काकांचा टॅब वाजायचा. मग आतून हसल्याचा आवाज यायचा. असं तासभर चाललं होतं. मध्ये एक भिंत होती, तिला दारही होतं, आणि ते उघडं होतं.

काकूंनी ताटं मांडली. "ह्या दोघांना हाका मारून माझा घसा सुकला," त्या म्हणाल्या. "ओजस, तुझ्या फोनवरून टाक, जेवायला या म्हणावं."

मी टाकलं. दोघांचंही उत्तर लगेच आलं: आलो.

ते आले, शेजारी शेजारी बसले आणि जेवण संपेपर्यंत एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. फोन मात्र दोघांनीही डाव्या हाताशी ठेवले होते. भाताच्या वेळी सर्वेशचा वाजला. त्याने वाचलं, आमटीची वाटी उचलली आणि वडिलांच्या पुढ्यात सरकवली.